ख्रिस्तशरीराच्या सणाची पाईक : संत ज्युलियाना

शेवटल्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने भाकर व द्राक्षारसाच्या रूपात आपले शरीर व रक्त शिष्यांना दिले (लूक २२:१९-२०). ख्रिस्तशरीराच्या सणाचे मूळ तेथे आहे. बेल्जियममधील लिएजच्या संत ज्युलियाना पाचव्या वर्षी पोरक्या होऊन मठात वाढल्या. प्रार्थनेत त्यांना काळा पट्टा असलेला चंद्र दिसे. चंद्र म्हणजे ख्रिस्तसभा व पट्टा म्हणजे या सणाची उणीव, हा बोध त्यांनी सुमारे वीस वर्षे मनात जपला. १२४६ साली बिशप रॉबर्ट यांनी आपल्या धर्मप्रांतात सण स्थापिला. पुढे विरोधामुळे ज्युलियाना यांना मठ सोडावा लागला आणि १२५८ साली मठापासून दूरच त्यांनी देह ठेवला. पूर्वी लिएजमध्येच सेवा केलेले पोप चौथे अर्बन यांनी १२६४ साली हा सण अखिल ख्रिस्तसभेला दिला. तो सोहळा पाहणे ज्युलियाना यांच्या वाट्याला आले नाही. पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकताना त्यांचे कृतज्ञ स्मरण करू या.