मार्क डोनह्यू : दांड्याच्या जाडीत वेग शोधणारा अभियंता

मोटारीच्या मागच्या चाकांपाशी बसवलेल्या एका वाकवलेल्या पोलादी दांड्याची जाडी वीस मिलिमीटरवरून चोवीस केली, तर डोळ्यांना फरक जाणवतही नाही. दांडा मात्र दुपटीहून अधिक ताठ होतो. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, हे गणित यंत्रशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्या गणिताच्या बळावर शर्यतीमागून शर्यत जिंकणारे मात्र विरळाच. अमेरिकेचे मार्क डोनह्यू हे त्या विरळ्यांपैकी एक होते.

त्यांचा जन्म 18 मार्च 1937 रोजी न्यू जर्सीत झाला. ब्राऊन विद्यापीठातून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली, ती 1959 मध्ये. विद्यार्थिदशेतच त्यांच्याकडे 1957 सालची कॉर्व्हेट होती. रोज रस्त्यावर चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरवायची, अशी ही दुहेरी संसाराची गाडी. न्यू हॅम्पशायरमधील एका टेकडी-चढाईच्या स्पर्धेत ती घेऊन ते उतरले आणि पहिल्याच प्रयत्नात जिंकले. 1961 मध्ये एल्व्हा कुरियर या लहानशा गाडीवर त्यांनी स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. नामवंत चालक वॉल्ट हॅन्सगेन यांनी या तरुणाचे गुण हेरून त्याला मोठ्या शर्यतींची दारे उघडून दिली. 1966 च्या एप्रिलमध्ये ल मान्स येथील चाचणीत हॅन्सगेन यांचा अपघाती अंत झाला. गुरू गमावलेल्या डोनह्यू यांना त्याच सुमारास रॉजर पेन्स्के यांनी आपल्या संघात घेतले, आणि पुढची सारी कारकीर्द या जोडीच्या नावाने ओळखली गेली.

डोनह्यू यांचे वेगळेपण नेमके कशात होते, हे कळण्यासाठी त्या दांड्याकडे पुन्हा वळावे लागते. वाहन वळणावर गेले की त्याचे अंग बाहेरच्या बाजूला कलते. घाटातून प्रवास करणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको. हा कल आवरण्यासाठी स्वे बार असतो. त्याचा मधला भाग रबरी बुशांतून सांगाड्याला किंवा आसाला धरलेला असतो, आणि दोन टोकांच्या जोडणीतून एका बाजूच्या चाकाची हालचाल दुसऱ्या बाजूला पोहोचते. दोन्ही चाके एकदम वरखाली झाली तर दांडा नुसता फिरतो. एकच चाक उचलले गेले तर तो पिळला जातो आणि कलाला विरोध करतो. इथवरची गोष्ट कोणताही मेकॅनिक सांगेल. डोनह्यू यांच्यासारख्या अभियंत्याला रस होता तो त्यापुढच्या गोष्टीत. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकेल, हे गाडीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि वळणाचा वेग ठरवतात. दांडा त्यात फारसे काही करू शकत नाही. त्या भाराची पुढच्या आणि मागच्या जोडीत वाटणी कशी व्हावी, हे मात्र दांडा ठरवतो. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. म्हणूनच ज्या बाजूचा दांडा ताठ, त्या बाजूची एकूण पकड आधी सुटते.

त्या काळच्या अमेरिकी गाड्या नाकात जड असत आणि वळणावर पुढच्या बाजूने बाहेर सरकत जात. सामान्य चालकासाठी हा दोष सुरक्षित मानला जाई, आणि कारखानेही तो जाणूनबुजून ठेवत. मागचा दांडा जाड केला की हा हट्टीपणा कमी होतो. तो गरजेपेक्षा जाड केला तर मात्र मागची चाके अचानक घसरतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. पाव मैलाच्या सरळ ड्रॅग शर्यतीत तोच दांडा निराळे काम करतो. अखंड मागच्या आसाच्या गाडीत इंजिनाचा पीळ सुटताक्षणी मागचे उजवे चाक हलके करू पाहतो. मागचा दांडा ताठ असेल तर सांगाड्यावर उमटणारी या पिळाची प्रतिक्रिया मागच्या बाजूनेच पेलली जाते, दोन्ही टायरांवर भार जवळपास सारखा राहतो आणि गाडी सरळ सुटते. सुरुवातीच्या रेषेवर हवासा वाटणारा हा दांडा पावसात भिजलेल्या वळणावर मात्र जीवावर उठू शकतो. रोजच्या वापराची आणि शर्यतीची गाडी एकच ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकासमोर ही अडचण तेव्हाही होती, आजही आहे.

अशा प्रश्नावर बहुतेक चालक अंदाजाने तोडगा काढत. डोनह्यू स्किडपॅडकडे वळले. स्किडपॅड म्हणजे सपाट डांबरी मैदानावर आखलेले एक वर्तुळ. त्यावरून गाडी पकडीच्या टोकावर फिरवत राहायची आणि फेरीचा वेळ मोजायचा. तीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळाला बारा सेकंद लागत असतील, तर टायर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 0.84 पट आडवा जोर देत आहेत असे ठरते. साडेअकरा लागले, तर तो आकडा 0.91 वर जातो. दांडा बदला, पुन्हा फिरा, पुन्हा मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे काम इतके कंटाळवाणे की शर्यतीच्या झगमगाटाला भुलून आलेला माणूस तासाभरात पळ काढील. डोनह्यू यांना त्यातच गोडी वाटत असावी. पुढे पोर्शच्या वायसाख येथील चाचणी-मैदानावरही त्यांनी हीच पद्धत नेली, आणि अभियांत्रिकीचा अभिमान बाळगणाऱ्या जर्मन तंत्रज्ञांनी ती मानली.

या चिकाटीचे फळ ट्रान्स-अ‍ॅम मालिकेत दिसले. 1967 मध्ये पेन्स्के संघाची शेव्हरोले कॅमेरो अडखळतच उतरली आणि वर्षभरात तीन शर्यती जिंकून थांबली. 1968 मध्ये तेरापैकी दहा शर्यती डोनह्यू यांनी जिंकल्या; 1969 चे विजेतेपदही कॅमेरोकडेच राहिले. हे यश निव्वळ सोवळे होते असे नाही. वजन घटवण्यासाठी गाडीचा पत्रा आम्लात बुडवून पातळ करण्यात आला होता, आणि छपराला पडलेल्या सुरकुत्या लपवण्यासाठी त्यावर व्हिनाइलचे आवरण चढवले गेले. नियमांच्या फटी शोधणे हा त्यांच्या लेखी अभियांत्रिकीचाच भाग होता. पॉल व्हॅन व्हॅल्कनबर्ग यांच्यासह लिहिलेल्या आपल्या पुस्तकाला त्यांनी ‘द अनफेअर अ‍ॅडव्हान्टेज’ असे नाव दिले आणि आतल्या कित्येक युक्त्या त्यात उघड केल्या. सभ्य वागणुकीमुळे वृत्तपत्रे त्यांना ‘कॅप्टन नाइस’ म्हणत. त्या सभ्यतेआड किती कसलेला डावपेची दडला होता, हे पुस्तक वाचल्यावर उमगते.

1970 मध्ये संघ अमेरिकन मोटर्सकडे गेला. शर्यतीत मागचा स्पॉयलर वापरता यावा म्हणून तो बसवलेल्या 2501 जॅव्हलिन गाड्या कंपनीने डोनह्यू यांच्या नावाने बाजारात आणल्या. 1971 मध्ये जॅव्हलिनने ट्रान्स-अ‍ॅम जिंकली. त्याच वर्षी कॅनडात मॅक्लारेन चालवत ते पहिल्याच फॉर्म्युला वन शर्यतीत तिसरे आले. 1972 ची इंडियानापोलिस 500 ही त्यांची सर्वांत मोठी कमाई. सहकारी गॅरी बेटनहाउझन बराच काळ आघाडीवर होते. त्यांच्या गाडीने दगा दिला आणि शेवटच्या तेरा फेऱ्यांत डोनह्यू पुढे राहिले. सरासरी वेग होता ताशी सुमारे 262 किलोमीटर. पेन्स्के संघाचा तेथला तो पहिला विजय.

दोन महिन्यांच्या आतच रोड अटलांटा येथे पोर्श 917/10 ची चाचणी घेताना मागचे आवरण उडाले, गाडी कोलांटली आणि डोनह्यू यांचा पाय जायबंदी झाला. त्यांनी घडवलेली गाडी जॉर्ज फॉलमर यांनी चालवली आणि कॅन-अ‍ॅमचे विजेतेपद मिळवले. स्वतः जुळवलेली गाडी दुसऱ्याच्या हाती जिंकताना पाहणे अभियंत्याला सुखाचे, पण चालकाला खचितच बोचणारे. उत्तर त्यांनी 1973 मध्ये दिले. अकराशेहून अधिक अश्वशक्तीच्या 917/30 ने आठपैकी सहा शर्यती जिंकल्या, आणि प्रतिस्पर्ध्यांना करण्यासारखे फारसे काही उरले नाही.

त्या वर्षाअखेर त्यांनी निवृत्ती जाहीर केली. ती टिकली नाही. पेन्स्के यांच्या नव्या फॉर्म्युला वन संघासाठी 1974 च्या उत्तरार्धात ते परतले. पण तिथे वर्तुळावर मोजून सुटणारे प्रश्न कमी आणि न सुटणारे जास्त निघाले. गाडी मागे पडत राहिली. 9 ऑगस्ट 1975 रोजी टॅलाडेगा येथे त्यांनी 917/30 मध्ये ताशी 221.120 मैलांचा बंदिस्त धावपट्टीवरचा जागतिक विक्रम केला. आठच दिवसांनी, 17 ऑगस्टला, ऑस्ट्रियातील शर्यतीच्या सकाळच्या सरावात त्यांच्या गाडीचा टायर फुटला. गाडी कठड्यापलीकडे गेली. तेथे उभा असलेला एक मार्शल प्राणास मुकला. डोनह्यू शुद्धीवर होते, बोलत होते. मात्र डोके दुखू लागले. मेंदूतील रक्तस्रावाने 19 ऑगस्टला ग्राझच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय होते अडतीस. टायरच्या जबाबदारीवरून कुटुंबाने चालवलेला न्यायालयीन लढा पुढे अनेक वर्षे सुरू राहिला.

1969 मध्ये डोनह्यू यांनी चक पार्सन्स यांच्यासह लोला गाडीतून डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. चाळीस वर्षांनी, 2009 मध्ये, त्यांचा मुलगा डेव्हिड याच शर्यतीत पोर्श घेऊन उतरला. त्याने अंतिम रेषा पार केली, तेव्हा दुसरी गाडी 0.167 सेकंदाने मागे होती.