शेटजींचे इलेक्शन आणि आपले मत
वाटेगावच्या मातंग कुटुंबात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांना शाळा जेमतेम दीड दिवस लाभली. मुंबईत मजुरी करता करता ते अक्षरे शिकले. १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. गणातला गणपती बाजूला सारून श्रमिकांना वंदन केले. 'शेटजींचे इलेक्शन' लिहून धनदांडग्यांची निवडणूक फडावर उभी केली. १९५९ची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजी हलाखीतच ते गेले.
आज निवडणूक आली की तेच शेटजी अण्णाभाऊंच्या पुतळ्याला हार घालतात. विद्यार्थी मित्रांनो, हार मोजू नका. आधी ते लोकनाट्य वाचा, मगच मत द्या!