रुळांवरचा पहारा : ॲलन पिंकर्टन

माझे वडील लोहमार्ग पोलिसांत हवालदार आहेत. दरवर्षी २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, ते संचलनाला जातात. वर्षभरात कर्तव्य बजावताना जे पोलीस कामी आले त्यांची नावे तेथे वाचून दाखवितात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले. तो दिवसही आमच्या घरी मुकाट्याने जातो. अशा माणसांचा पूर्वेतिहास शोधता शोधता मी थेट अमेरिकेत जाऊन पोहोचलो आणि तेथे मला ॲलन पिंकर्टन भेटला. त्याचे चरित्र मला वाटले होते तितके सरळ निघाले नाही. म्हणूनच ते सांगावेसे वाटते.

पिंकर्टनचा जन्म १८१९ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या एका गरीब वस्तीत झाला. धंदा लाकडी पिंपे बनविण्याचा. मजुरांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीत तो सामील झाला आणि १८४२ मध्ये पत्नीसह अमेरिकेस निघून गेला. इलिनॉय राज्यातील डंडी गावी त्याने पुन्हा पिंपांचा कारखाना थाटला. एकदा लाकूड तोडावयास नदीतील बेटावर गेला असता तेथे त्याला खोटी नाणी पाडणाऱ्यांचा अड्डा सापडला. येथूनच पिंपवाल्याचा गुप्तहेर झाला! याच काळात पळून आलेल्या गुलामांना तो आपल्या घरी आसराही देत असे.

त्या काळी अमेरिकेत रेल्वे झपाट्याने पसरत होती. पण पोलिसांची हद्द गावच्या वेशीपाशी संपे. गाडी मात्र दहा गावे ओलांडून जाई. मग चोराला धरायचे कोणी? ही उणीव पिंकर्टनने हेरली. १८५५ मध्ये इलिनॉय सेंट्रल आदी रेल्वे कंपन्यांशी त्याने पहाऱ्याचे करार केले. पुढच्याच वर्षी त्याने केट वॉर्न या स्त्रीला गुप्तहेर म्हणून नेमले. त्या काळात हे धाडसच होते.

१८६१ च्या आरंभी एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाने आपले पूल आणि मार्ग सुरक्षित राखण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. ते करीत असताना, नवनिर्वाचित अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना बाल्टिमोर येथे ठार मारण्याचा कट शिजत असल्याची कुणकुण त्याच्या माणसांना लागली. फेब्रुवारीतील एका रात्री लिंकन यांना गुपचूप त्या शहरातून पार नेण्यात आले. कट कितपत पक्का होता याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. या कामगिरीतील टिमथी वेब्स्टर पुढे यादवी युद्धात हेर म्हणून पकडला गेला आणि १८६२ मध्ये रिचमंड येथे फासावर चढला.

युद्धानंतर आगगाड्यांवर दरोडे पडू लागले. १८७३ मध्ये जेसी जेम्सच्या टोळीने आयोवा राज्यात रूळ उखडून गाडी पाडली. त्यात इंजिनचालक प्राणास मुकला. या टोळीच्या मागावर पिंकर्टनने माणसे धाडली. मार्च १८७४ मध्ये शेतमजुराच्या वेषात गेलेला जोसेफ विचर गोळ्या घालून मारला गेला. त्याच महिन्यात लुई लल हा दुसरा गुप्तहेर चकमकीत जबर जखमी झाला आणि पुढे दगावला. त्यांना वाट दाखविणारा स्थानिक शिपाई एडविन डॅनियल्सही तेथेच पडला.

येथवर माझे मन पिंकर्टनच्या बाजूचे होते. पण जानेवारी १८७५ मध्ये त्याच्या माणसांनी रात्री जेम्स बंधूंच्या आईच्या घराला वेढा घातला आणि आत पेटता गोळा फेकला. स्फोटात आठ वर्षांचा आर्ची, जेसीचा सावत्र भाऊ, मरण पावला. आईचा हात कापावा लागला. दरोडेखोर घरात नव्हतेच! लोकांची सहानुभूती टोळीकडे वळली. पिंकर्टनला जेसी जेम्स अखेरपर्यंत सापडला नाही. ज्याने तारुण्यात मजुरांची बाजू घेतली, त्याचेच हेर पुढे पेनसिल्व्हेनियातील खाणकामगारांच्या संघटनेत मालकांच्या वतीने शिरले. त्या खटल्यांतून १८७७ ते १८७९ या काळात वीस जण फासावर गेले.

१८८४ मध्ये पिंकर्टन शिकागो येथे वारला. ग्रेसलँड दफनभूमीत त्याच्या कुटुंबाच्या जागेतच केट वॉर्नची कबर आहे, आणि वेब्स्टरचे स्मारकही. आपल्यासाठी राबलेल्यांना त्याने मरणानंतरही आपल्या माणसांत जागा दिली, हे मला फार मोठे वाटते. परंतु मेलेल्या सहकाऱ्यांचे ऋण एका निरपराध पोराच्या जिवाने फिटत नाही, हेही त्याच माणसाच्या चरित्राने मला शिकविले.

ही हकिकत मी वडिलांना सांगितली. त्यांनी विचर आणि लल यांची नावे पुन्हा विचारून घेतली. मग थोड्या वेळाने त्या मुलाचेही नाव विचारले.

— द्वितीय वर्ष, कला