मोक्ष न मागणारे तुकोबा



गीतेचा आठवा अध्याय चालू आहे आणि आज आपण पंधराव्या-सोळाव्या श्लोकापाशी आलो. अगदी ब्रह्मलोकापर्यंत पोहोचलं तरी तिथून परत यावं लागतं, भगवंतापर्यंत पोहोचलेल्याला मात्र पुन्हा जन्म नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्यातले बरेच जण नाम घ्यायला लागतात ते याच आशेनं. पाप फिटावं, फेरा चुकावा, एकदाची सुटका व्हावी. पण हे श्लोक वाचले की मला आपल्या शेजारच्या देहूचे तुकोबा आठवतात. सुटका मागायला त्यांच्याकडे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कारणं होती. म्हणून आज श्लोकाचा शब्दार्थ बाजूला ठेवून त्यांचं चरित्रच बघू.

तुकोबांचा जन्म साधारण १६०८ चा धरतात. घर मोरे यांचं, जातीनं कुणबी, पण व्यवसाय वाण्याचा आणि गावची महाजनकी घरात. म्हणजे दुकान, शेती, सावकारी, सगळं होतं. पूर्वज विश्वंभरबुवांपासून घरात विठ्ठल आणि पंढरीची वारी. गरिबीतून वर आलेला संत अशी आपली एक समजूत असते, ती इथे लागू पडत नाही. हे खात्यापित्या, हिशोब ठेवणाऱ्या घरातले होते.

थोरले भाऊ सावजी आधीच विरक्त, त्यामुळे कारभार लहान वयातच तुकोबांकडे आला. मग विशीच्या आतबाहेर एकामागून एक सगळं कोसळलं. आईवडील गेले, वहिनी गेली, सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. पाठोपाठ १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. शहाजहानच्या दरबारी इतिहासातसुद्धा त्याची नोंद आहे, इतका मोठा. दुकान बुडालं, दिवाळं निघालं. पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करत गेली. मुलगा संतूही गेला. हे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगितलंय, फार आडपडदा न ठेवता. महाजनाच्या घरात बाई उपाशी मरते, याची लाज त्यांनी लपवली नाही.

अशा वेळी माणूस काय म्हणेल? पुरे झाला हा संसार, आता जन्मच नको. तुकोबा उठले आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. आपल्यापैकी जे चाकण एमआयडीसीत कामाला जातात, त्यांना वासुली-शिंदे भागाकडे जाताना हा डोंगर दिसतो. खाली कंपन्यांच्या शेड, कंटेनरच्या रांगा, आणि वर ती गुहा. परंपरा सांगते की तिथे ते पंधरा दिवस होते आणि तिथेच त्यांना साक्षात्कार झाला. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत आला आणि त्यांना खाली घेऊन गेला.

खाली आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. घरात लोकांच्या कर्जाचे कागद होते. दुष्काळानं पिचलेल्या कुळांकडून येणं असलेले पैसे. त्यातला अर्धा वाटा त्यांनी कान्होबाला दिला, कारण त्याला संसार करायचा होता. आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. ज्यांच्या डोक्यावर आज फ्लॅटचा ईएमआय आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजवायला नको!

आपल्याकडे कर्माचा सिद्धांतही खातेवहीसारखाच शिकवतात. संचित म्हणजे साठलेली बाकी, प्रारब्ध म्हणजे या जन्मात वसुलीला निघालेला हप्ता, क्रियमाण म्हणजे आत्ता चालू असलेली नोंद. बाकी शून्य झाली की जन्म संपले. तुकोबांना ही भाषा इतरांपेक्षा चांगली कळत होती, ते स्वतः सावकार होते. पण देवाकडे आपली बाकी माफ कर म्हणून जाण्याआधी त्यांनी लोकांची बाकी माफ केली. माझ्या मते इथेच त्यांच्या भक्तीचं वळण ठरलं. ती सुरुवातीपासून एकट्याच्या सुटकेची नव्हती.

पुढे त्यांनी पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं, संतांची वचनं पाठ केली, कीर्तनात मागे उभं राहून धृपद धरलं. गुरू बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, तोच आपण रोज सुरुवातीला म्हणतो. नंतर स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व करायला सांगितलं. अभंग सुरू झाले. लिहून घेणाऱ्यांमध्ये चाकणचे संताजी जगनाडे होते, तेली समाजातले.

आणि मग आला विरोध. वाघोलीचे रामेश्वरभट्ट विद्वान ब्राह्मण. शूद्रानं प्राकृतात वेदांचा अर्थ सांगायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत कर्जाचे कागद स्वतःहून सोडले होते, त्याच नदीत आता अभंग सोडावे लागले. तुकोबा काठावरच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले. देहूच्या मंदिरात ती शिळा आजही दाखवतात. वह्या तरल्या, असं परंपरा सांगते. लोकांनी अभंग आधीच पाठ केले होते म्हणून गाथा वाचली, असंही काही अभ्यासक म्हणतात. थोडक्यात, बॅकअप लोकांच्या तोंडात होता. मला दोन्ही गोष्टी एकत्र मानायला अडचण वाटत नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. वह्या परत मिळाल्यावर आपण असतो तर जिंकल्याचा आनंद केला असता, निदान एक स्टेटस तरी टाकलं असतं. तुकोबांनी देवाची माफी मागितली. त्या प्रसंगानंतरच्या अभंगांत ते स्वतःला अपराधी म्हणतात. कशाबद्दल? तर लोकांच्या बोलण्यानं आपण खचलो, हट्ट धरला आणि देवाला पाण्यात वह्या सांभाळत बसायला लावलं, याबद्दल. ज्यांच्यावर अन्याय झाला तेच माफी मागतायत! हे वाचताना मी दरवेळी थांबतो. पाप म्हटलं की आपल्या डोक्यात यादी येते: खोटं बोललो, एकादशीला खाल्लं, आईवर ओरडलो. तुकोबांच्या लेखी पाप म्हणजे प्रेमाच्या माणसावर ओझं टाकणं. म्हणून त्यांना त्याची भीती वाटली नाही, त्याचं वाईट वाटलं. या दोन्हींत फार अंतर आहे.

आणि रामेश्वरभट्ट? एका फकिराच्या शापानं त्यांच्या अंगाची आग होऊ लागली आणि काही केल्या थांबेना, असं महिपतीबुवांनी लिहिलंय. ते आळंदीला ज्ञानोबांपाशी जाऊन बसले. तुकोबांनी रागाचा शब्दही न काढता त्यांना एक अभंग लिहून पाठवला, तो वाचून दाह शमला. पुढे हेच रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले. आपण तुकोबांची जी आरती म्हणतो ती त्यांचीच रचना. पाप कसं फिटतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात जवळचं उदाहरण हेच, आणि त्यात प्रायश्चित्ताचा कुठलाही मोठा विधी नाही. ज्याचं वाईट केलं, त्याच्याच शब्दानं बरं झाले.

आता श्लोकाकडे येऊ. गाथेत साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत. जन्ममरणाला कंटाळून केलेली विनवणीही त्यात भरपूर आहे, ती लपवायचं कारण नाही. पण कीर्तनाच्या शेवटी उभं राहून आपण त्यांचं जे मागणं म्हणतो, त्यात ते मोक्षाला चक्क नको म्हणतात. देवाचा विसर पडू नये आणि संतांची सोबत मिळावी, एवढं द्या, मग परत आईच्या पोटात पाठवलंत तरी चालेल, असा त्याचा भाव. उपाशी बायको आणि मुलगा गमावलेला माणूस हे मागतोय, हे लक्षात ठेवून ते म्हणून बघा.

मग गीता आणि तुकोबा यांचं जमत नाही का? मला तसं वाटत नाही. भगवंतापर्यंत पोहोचलेला परत येत नाही, असं श्लोक म्हणतो. तुकोबा पोहोचले होते, म्हणूनच येणं-जाणं हा त्यांच्यासाठी प्रश्न उरला नाही. भीती होती तोवर विनवणी होती. भीती गेल्यावर जन्म म्हणजे पुन्हा एकदा कीर्तन करायची संधी. अर्थात हे माझं वाचन. जाणकारांनी जरूर सांगावं.

१६५० मध्ये, फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे आपण जिला बीज म्हणतो त्या दिवशी, तुकोबा वैकुंठाला गेले. तेव्हा घरात जिजाई होती, जिला आपण आवली म्हणून भांडखोर ठरवून टाकलंय. भंडाऱ्याच्या डोंगरावर रोज भाकरी घेऊन चढणारी हीच. परंपरेनुसार त्या दिवशी ती गरोदर होती. नंतर जन्माला आले ते नारायणबाबा. १६८५ मध्ये त्यांनीच तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून आळंदीमार्गे पंढरपूरला नेल्या आणि पालखी सोहळा सुरू केला. दर आषाढीला आपल्या भागातून जाते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते, ती हीच पालखी.

उद्या सतरावा श्लोक, ब्रह्मदेवाचा दिवस आणि रात्र.

राम कृष्ण हरी.