डॉक्टर वानलेस व त्यांचे विद्यार्थी

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलाचे संस्थापक सर विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडा देशातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास पुरा करून ते १८८९ साली सपत्नीक सांगलीस आले. १८९२ साली त्यांनी मिरजेत दवाखाना काढला आणि १८९४ साली हॉस्पिटल उघडले. मिरज हे आगगाडीचे मोठे ठिकाण असल्याने दूरदूरचे रोगी तेथे येऊ लागले.

रोगजंतू डोळ्यांस दिसत नाहीत, पण अस्वच्छ हातांनी व शस्त्रांनी ते जखमेत शिरतात, ही विद्या त्या काळी नवीनच होती. स्कॉटलंडातील लिस्टर यांनी १८६७ साली ती जगापुढे मांडली होती. आपल्या खेड्यांत मात्र नवजात बालकाची नाळ विळ्याने कापीत व तिला राख अथवा शेण लावीत. त्यामुळे कित्येक बालके धनुर्वाताने आठवड्याभरातच दगावत. लोक ते दैवाचे अथवा भुताखेताचे कृत्य समजत.

एकटा डॉक्टर, मग तो कितीही कुशल असो, प्रत्येक झोपडीपर्यंत कसा पोहोचणार? म्हणून वानलेस साहेबांनी १८९७ साली मिरजेतच वैद्यकीय शाळा सुरू केली. परिचारिकांचे शिक्षणही तेथे होऊ लागले. परक्याच्या जखमा धुणे हे काम पुष्कळांस हलके वाटे. तरी आपल्या मंडळ्यांतील मुली ते शिकण्यास पुढे आल्या. हात धुणे, शस्त्रे उकळणे, पट्टी स्वच्छ ठेवणे, हे धडे अशा शिकलेल्या माणसांबरोबर गावोगाव गेले. पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम व क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही उभे राहिले. वानलेसवाडी हे नाव त्यांचीच आठवण देते.

१९२८ साली त्यांस सर ही पदवी मिळाली व त्याच वर्षी ते निवृत्त झाले. १९३३ साली कॅलिफोर्निया येथे त्यांचा अंत झाला.

नवजात बालकांच्या धनुर्वाताचे प्रमाण भारताच्या प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. हे यश लसीचे, तसेच घरोघरी जाऊन शिकविणाऱ्या अगणित हातांचे आहे. तरी गाफील राहणे बरे नव्हे. वाचकहो, आपल्या मंडळीतील गरोदर भगिनीस धनुर्वाताची लस मिळाली आहे काय, तिचे बाळंतपण दवाखान्यात होण्याची तजवीज झाली आहे काय, एवढे तरी प्रत्येक उपदेशकाने विचारावे. मिरजेची विद्या दाराशी येऊन थांबली, तर घरातील पाळण्यास तिचा काय उपयोग?