रमाबाईंचा अभ्यास

१८७८ साली नाशिकच्या न्यायालयात एक नवे न्यायाधीश रुजू झाले. त्यांचे नाव महादेव गोविंद रानडे. नाशिक जिल्ह्यातील निफाड हे त्यांचे जन्मगाव. न्यायमूर्ती म्हणून आणि समाजसुधारक म्हणून त्यांची कीर्ती पुढे देशभर पसरली. परंतु येथे सांगावयाची आहे ती त्यांच्याबरोबर नाशिकला आलेल्या त्यांच्या पत्नीची गोष्ट. रमाबाई तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. पाच वर्षांपूर्वी त्यांना अक्षरओळखदेखील नव्हती; आणि आता नाशिकच्या घरात त्या इंग्रजी भाषेचे धडे गिरवीत होत्या.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सातारा भागातील कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरी त्यांचे नाव यमुना होते. मुलींनी लिहावे-वाचावे ही कल्पना त्या काळी बहुतेक घरांना मान्य नव्हती. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या स्त्रीवर संकट ओढवते, अशीही समजूत लोकांत होती. त्यामुळे यमुनेच्या हाती पाटी कधी आलीच नाही. १८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, वडीलधाऱ्यांच्या इच्छेने त्यांचा विवाह माधवरावांशी झाला. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते. एकीकडे असा गाढा विद्वान आणि दुसरीकडे अक्षरशत्रू बालिका! हे अंतर पाहून कोणीही निराश झाले असते.

परंतु माधवरावांनी लग्नानंतर लगेच रमाबाईंच्या शिक्षणाचा श्रीगणेशा केला. दिवसभर न्यायालयाचे काम करून ते घरी येत आणि रात्री पत्नीला शिकवीत. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग लहान लहान वाक्ये, असा क्रम चालू झाला. मराठी चांगले वाचता येऊ लागल्यावर इतिहास, भूगोल आणि गणित हे विषयही आले. रोजचा धडा थोडाच असे. पण तो रोज असे.

हा अभ्यास सोपा नव्हता. पुण्याच्या त्या मोठ्या कुटुंबात वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे शिकणे मुळीच रुचत नसे. त्या टोचून बोलत, टर उडवीत, कधी अबोला धरीत. दिवसभर घरकाम करावयाचे, बोलणी ऐकून घ्यावयाची आणि रात्री पुन्हा पुस्तक उघडावयाचे, असा रमाबाईंचा दिनक्रम होता. त्यांनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही.

अशा स्थितीत माधवरावांची नाशिकला बदली झाली. येथे घरातील टीका करणारी मंडळी जवळ नव्हती. रमाबाईंना मोकळेपणाने अभ्यास करता येऊ लागला. लोकहितवादी म्हणून प्रसिद्ध असलेले गोपाळ हरी देशमुख हेही तेव्हा नाशिकला न्यायाधीश होते. मुलींनी शिकले पाहिजे असे त्यांचेही मत होते. नाशिकच्या हायस्कुलात झालेल्या एका समारंभात रमाबाईंनी आयुष्यातील पहिले जाहीर भाषण केले. ते माधवरावांनी लिहून दिलेले होते. पहिल्या भाषणाला दुसऱ्याचा आधार लागला, याचा कमीपणा त्यांनी मानला नाही. पुढे मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत त्या उत्तम बोलू लागल्या.

१८७९ साली माधवरावांची धुळ्यास बदली झाली आणि त्यानंतर काही काळाने हे कुटुंब पुन्हा पुण्यास आले. आता इंग्रजी शिकविण्यासाठी एक इंग्रज शिक्षिका घरी येऊ लागली. तिचा स्पर्श झाला म्हणून धडा संपताच रमाबाईंनी स्नान केले पाहिजे, असा घरातील स्त्रियांनी हट्ट धरला. थंडी असो वा पाऊस, रमाबाई ते स्नान निमूटपणे करीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धड्याला बसत. १८८४ च्या सुमारास पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याची खटपट चालू झाली, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांसमोर भर सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली.

शिकण्याची ही गोडी केवळ रमाबाईंनाच होती असे नव्हे. १८८६ च्या सुमारास सरकारी कामानिमित्त हे दांपत्य कलकत्त्यास राहिले होते. तेथील बंगाली वृत्तपत्र आपल्याला वाचता येत नाही, याची माधवरावांना लाज वाटली. त्यांनी बंगाली पुस्तके आणवली आणि अभ्यास सुरू केला. हजामत चालू असतानाही ते पुस्तक हाती धरीत आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ न्हाव्याला विचारीत! रमाबाईंना याचे हसू आले. पण ज्याच्यापाशी ज्ञान आहे तो गुरूच, असे माधवरावांचे मत होते. कलकत्ता सोडण्यापूर्वी रमाबाईही बंगाली पुस्तके वाचू लागल्या होत्या.

१९०१ साली माधवराव निवर्तले. रमाबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला. काही काळाने मन सावरून त्यांनी स्वतःला इतर स्त्रियांच्या सेवेला वाहून घेतले. १९०९ साली पुण्यात सेवासदन ही संस्था निघाली. लहानपणी शिकावयास न मिळालेल्या प्रौढ स्त्रिया आणि विधवा तेथे लिहिण्या-वाचण्यास शिकू लागल्या. कोणी शिक्षिका, तर कोणी परिचारिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. १९१० साली रमाबाईंनी आपल्या संसाराच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. अकराव्या वर्षी ज्यांना ‘अ’ ठाऊक नव्हता, त्यांचे ते पुस्तक आज मराठी वाङ्मयाचे भूषण मानले जाते. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले.

रमाबाई विद्वत्तेत पतीची बरोबरी करावयास निघाल्या असत्या, तर पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाटी टाकून दिली असती. काल जे येत नव्हते ते आज आले, एवढे त्यांना पुरे असे. वर्गात आपला क्रमांक कोणताही असो. एखादे गणित अडते, एखादी कविता पाठ होत नाही, शेजारचा मुलगा आपल्या पुढे जातो. अशा वेळी नाशिकच्या घरात इंग्रजीचा धडा घोकणारी सोळा वर्षांची रमाबाई आठवावी, आणि उद्यासाठी न ठेवता आजचा धडा आजच पुरा करावा.