वेगात टिकते तीच स्मृती

जिना चढताना छातीत जड वाटते, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी आम्ही त्याला पलंगावर निजवून काढतो. पुष्कळदा तो अगदी नॉर्मल येतो. पेशंट खूश होतो, डॉक्टरचे मात्र समाधान होत नाही, कारण तक्रार पलंगावरची नाही, जिन्यावरची आहे. मग ट्रेडमिलवर उभे करायचे, पट्ट्याचा वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि आलेखावर नजर ठेवायची. विश्रांतीत दडून बसलेला दोष पुष्कळदा श्रमात उघडा पडतो.

गेल्या वर्षी आमच्या घरच्या कॉम्प्युटरला नेमका असाच आजार जडला. मुलाने त्यात रॅमच्या दोन नव्या पट्ट्या बसवल्या. पाकिटावर छापलेल्या वेगाला लावल्या की कधी पडदा निळा पडायचा, तर कधी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. वेग उतरवला की दिवसभर सुरळीत चालायचे. दोष पट्टीत आहे की वेगात, हे शोधताना मला एक जुनी गोष्ट वाचायला मिळाली. हाच प्रश्न पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रज इंजिनिअरपुढे उभा होता आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी त्याच्या चमूने एक अख्खा कॉम्प्युटर बांधला. त्याचे नाव फ्रेडरिक कॅलंड विल्यम्स.

विल्यम्स यांचा जन्म २६ जून १९११ रोजी इंग्लंडमध्ये, चेशर परगण्यातल्या रोमिली या गावी झाला. शाळा जवळच्याच स्टॉकपोर्टची. मँचेस्टर विद्यापीठातून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ते ऑक्सफर्डला गेले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून पुन्हा मँचेस्टरला शिकवायला आले. त्या काळी इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओच्या पोटात लालसर उजळणाऱ्या काचेच्या नळ्या. या नळ्यांमधून ऐकू येणाऱ्या खरखरीवर त्यांनी तरुणपणीच शोधनिबंध लिहिले होते. हव्या त्या संकेताला नकोशा गोंगाटातून वेगळे कसे काढायचे, हा प्रश्न त्यांना पुढे जन्मभर पुरला.

१९३९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या सांगण्यावरून ते रडारच्या कामाला लागले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे ओळखणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी काम केले. युद्धाची सगळी वर्षे त्यांनी अचूक वेळ पाळणारी सर्किटे रचण्यात घालवली. पुढे मॉल्व्हर्नच्या संशोधन केंद्रात त्यांचा गट अडचणीतून वाट काढण्यात प्रसिद्ध होता. याच गटात केंब्रिजला गणित शिकलेला टॉम किलबर्न हा तरुण १९४२ मध्ये दाखल झाला. पुढच्या गोष्टीत या दोघांची नावे वेगळी करता येत नाहीत.

युद्ध संपल्यावर विल्यम्स अमेरिकेला गेले. तिथे रडारच्या एका जुन्या दुखण्यावर प्रयोग चालले होते. रडारच्या पडद्यावर विमानाबरोबर डोंगर आणि इमारतीही उमटतात. आधीच्या फेरीचे चित्र जपून ठेवून ते नव्या चित्रातून वजा केले, तर जागचे हललेले तेवढेच उरेल. हे चित्र जपण्यासाठी कॅथोड रे ट्यूब, म्हणजे जुन्या टीव्हीतली मोठी काचेची नळी, वापरून पाहिली जात होती. विल्यम्स यांच्या मनात आले की चित्र जपता येत असेल तर आकडेही जपता येतील. कॉम्प्युटर बांधू पाहणारे सगळे जण तेव्हा एकाच जागी अडले होते. बेरीज-वजाबाकी व्हॉल्व्ह झपाट्याने करीत, पण ते आकडे आणि पुढच्या सूचना ठेवायच्या कुठे?

नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एका बिंदूवर आदळला की तिथून आणखी इलेक्ट्रॉन उडतात आणि त्या जागी विजेचा बारीकसा भार मागे राहतो. पडद्याला बाहेरून चिकटवलेल्या धातूच्या पत्र्यावर त्याची चाहूल लागते. भार असा ठेवला तर १, तसा ठेवला तर ०. अशा एका खुणेला बिट म्हणतात. अडचण एवढीच की हा भार सेकंदाच्या पाचव्या हिश्शात पाझरून जातो. पडदा विसरभोळा होता.

विसरभोळेपणा बरा करण्याच्या फंदात विल्यम्स पडले नाहीत. झोत पुन्हा त्या बिंदूवर आला की तिथे काय लिहिले होते याचा संकेत मिळतो. तो ओळखायचा आणि त्याच क्षणी तेच पुन्हा लिहायचे. पुसले जाण्याआधी वाचायचे, वाचले की पुन्हा लिहायचे, आणि हे सेकंदात अनेकदा, अखंड. १९४६ च्या अखेरीस त्यांनी अशा रीतीने एक बिट टिकवून दाखवला आणि डिसेंबरमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याच महिन्यात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. किलबर्नही बरोबर आला आणि १९४७ मध्ये जेफ टूटिल त्यांना येऊन मिळाला.

वर्षभरात किलबर्नने एकाच नळीवर २०४८ बिट तासन्‌तास टिकवून दाखवले. दुसरा कोणी असता तर इथेच पेढे वाटले असते. पण विल्यम्स आणि किलबर्न यांना ठाऊक होते की हा पलंगावरचा ईसीजी आहे. खऱ्या कामात नळीला शांतपणे ओळीने उजळणी करू दिली जाणार नव्हती. कॉम्प्युटर क्षणात इथला आकडा मागणार, क्षणात तिथला बदलणार, आणि हे सारे सेकंदात शेकडो वेळा. अशा धावपळीत भार टिकेल का? एखादा बिट उलटला तर? हे तपासायचे तर मेमरीला पळवणारे काहीतरी हवे होते. म्हणून त्यांनी जमेल तितका छोटा कॉम्प्युटर बांधला. गणिते सोडवणे हा त्याचा मुख्य उद्देश नव्हताच. तो त्या मेमरीचा ट्रेडमिल होता. त्याचे लाडके नाव पडले ‘बेबी’.

बेबी सुमारे पाच मीटर लांब, वजनाने टनभर. तिच्यात साडेपाचशेच्या आसपास व्हॉल्व्ह होते आणि मुख्य मेमरी होती ३२ ओळींची, प्रत्येक ओळीत ३२ बिट, म्हणजे सगळे मिळून १०२४ बिट. आज मोबाइलवरचा एक छोटासा फोटोही याच्या हजारोपट जागा घेतो. तिला फक्त वजाबाकी येत असे. पण तिच्या कामाच्या लयीकडे नीट पाहावे. एक ठोका मेमरीच्या उजळणीचा, दुसरा ठोका कामाचा, पुन्हा उजळणीचा, पुन्हा कामाचा. निम्मा वेळ फक्त विसरू नये यासाठी खर्च होई. ही उधळपट्टी नव्हती. त्याशिवाय उरलेल्या निम्म्या वेळाला काही किंमतच नव्हती.

मेमरीत काय चालले आहे ते शेजारच्या एका नळीवर ठिपक्यांच्या रूपात डोळ्यांनी दिसे. सुरुवातीचे कित्येक प्रयत्न फसले. बटण दाबले की ठिपके सैरावैरा नाचू लागत, आणि हाती काहीच लागत नसे. नाच दिसला की प्रत्येक वेळी चूक शोधायची, एक जोडणी तपासायची, पुन्हा बटण दाबायचे. अखेर २१ जून १९४८ रोजी नाच थांबला आणि अपेक्षित जागी अपेक्षित उत्तर चमकत उभे राहिले. मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारा तो जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर ठरला.

प्रोग्रॅम किलबर्नने लिहिला होता, अवघ्या १७ सूचनांचा. एखाद्या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधायचा. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, ही संख्या दिली तेव्हा बेबीने एकेक संख्या खाली उतरत, वजाबाकीनेच भागाकार करीत, ५२ मिनिटे काम केले. जवळजवळ ३५ लाख क्रिया झाल्या. उत्तर आले १,३१,०७२. शाळकरी मुलालाही ते क्षणात सांगता आले असते, आणि गणित निवडण्यामागचे कारणही तेच होते. उत्तर आधीच माहीत, वाट मात्र लांबलचक. लाखो पावलांत एक बिट जरी चुकला असता तरी शेवट बिघडण्याचा धोका होता. ५२ मिनिटे न चुकता धावली, म्हणून मेमरी पास.

पुढचे सारे भराभर घडले. अ‍ॅलन ट्युरिंग त्याच वर्षी मँचेस्टरला आले. फेरांती कंपनीने या यंत्राची मोठी आवृत्ती बांधून फेब्रुवारी १९५१ मध्ये विद्यापीठाला दिली. आयबीएमनेही आपल्या ७०१ या कॉम्प्युटरमध्ये विल्यम्स यांच्या नळ्या वापरल्या. हवी ती जागा थेट गाठता येणे, ही आजच्या रॅमची ओळख इथूनच सुरू होते. पाऱ्याच्या नळीत ध्वनिलहरी फिरवणाऱ्या त्या काळच्या दुसऱ्या मेमरीत आकडा फिरून समोर येईपर्यंत थांबावे लागे.

नळ्यांचे दोषही हळूहळू कळले. आसपासच्या विजेच्या उपद्रवाने बिट उलटत, म्हणून नळ्या धातूच्या पेटीत ठेवाव्या लागत. पडद्यावर बारीक डाग असला तर ती जागा निकामी होई. आणि एकच बिंदू फार वेळा वाचला तर तिथून सांडलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या बिंदूंची स्मृती बिघडवत. पन्नासच्या दशकात चुंबकीय कड्यांच्या मेमरीने या नळ्यांची जागा घेतली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये कार्यान्वित केलेल्या टिफ्रॅकमध्येही कड्यांचीच मेमरी होती. कॅथोड रे ट्यूब उरली ती आकृत्या दाखवण्यापुरती.

विल्यम्स यांनी तोवर कॉम्प्युटरचे काम किलबर्नच्या हाती सोपवले होते आणि ते विजेच्या मोटरींकडे, वेग हवा तसा बदलता येईल अशा मोटरींकडे वळले होते. कीर्ती भरात असताना क्षेत्र शिष्याच्या हवाली करून नव्या वर्गात बसणे सोपे नसते. १९५० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९७६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ११ ऑगस्ट १९७७ रोजी मँचेस्टरमध्ये त्यांचे निधन झाले. बेबीच्या पन्नासाव्या वाढदिवशी, २१ जून १९९८ रोजी, तिची हुबेहूब प्रतिकृती मँचेस्टरमध्ये पुन्हा चालली.

त्यांची नळी गेली, पण तिचा स्वभाव गेला नाही. आजच्या रॅममध्ये प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधल्या भारात राहतो आणि तोही पाझरतो. म्हणून चिप दर ३२ ते ६४ मिलिसेकंदांत सगळी मेमरी वाचून पुन्हा लिहून काढते. शेजाऱ्याला बिघडवण्याचा आजारही परतला. मेमरीतली एक ओळ वारंवार उघडली तर शेजारच्या ओळीतले बिट उलटू शकतात, हे संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

म्हणूनच छापील वेगाला रॅम अडखळली तर निदान विल्यम्स यांच्या पद्धतीने करावे. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. मग वेग मूळ, सुरक्षित मापावर आणून मेमरी तपासणारा प्रोग्रॅम काही तास चालवावा. तिथेही चुका आल्या तर पट्टी किंवा तिची खाच नासलेली असण्याची शक्यता जास्त. तिथे सगळे ठीक आणि फक्त छापील वेगालाच चुका, तर एकेक पट्टी एकाच खाचेत बसवून तपासावी. प्रत्येक पट्टी एकटी धावते आणि जोडीने अडखळते, असे दिसले तर पट्ट्यांना दोष देऊ नये; प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकाला किंवा मदरबोर्डला तो वेग जोडीने पेलत नसेल. चार पट्ट्या असतील तर ही शक्यता आणखी वाढते. बायोस अद्ययावत करावे, पट्ट्या बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच खाचांत आहेत ना ते पाहावे, आणि तरीही जमत नसेल तर वेग एक पायरी उतरवावा. एका वेळी एकच बदल करावा. तीन औषधे एकदम बदलली की पेशंट कशाने बरा झाला ते कळत नाही, तसेच हे. अंदाजाने व्होल्टेज वाढवू नये.

आमच्या घरी प्रत्येक पट्टी एकटी ठणठणीत निघाली; जोडी अडखळत होती. बायोस बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा एक पायरी खाली येऊन थांबलो. मुलगा थोडा हिरमुसला, मी नाही. मशीन बंद पडते तेव्हा निदान आपल्याला कळते तरी. न बंद पडता चुकले तर? कॉम्प्युटरच्या प्रमाणित संकेतात इंग्रजी एक आणि पाच या अंकांत फक्त एका बिटचा फरक आहे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट १.२ चा ५.२ व्हायला तेवढे पुरते. त्यासाठीच महत्त्वाच्या सर्व्हरमध्ये अशी चूक ओळखून दुरुस्त करणारी खास मेमरी वापरतात. आपल्या रुग्णालयातल्या सर्व्हरमध्ये ती आहे ना, हे विचारायला डॉक्टरने लाजू नये. मी आमच्याकडे विचारले आहे.